लहान ताऱ्यांची मोजदाद करणाऱ्या अक्का

प्रा. डॉ. महादेवी कोरी यांना मी पहिल्यांदा पाहिले ते १९९३ साली, कोल्हापुरातल्या आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात. मी चंदगड तालुक्यातल्या एका वाडीवरून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आले होते. वर्गात साठ-सत्तर मुले, त्यांत आम्ही मुली सात. बाई प्रकाशावर शिकवत होत्या. तासाच्या शेवटी त्यांनी "कुणाला काही विचारायचंय?" असे म्हटले आणि मी उभी राहिले.

"बाई, समदं तारं सूर्याएवढंच असत्यात काय?"

वर्ग हसला. माझ्या प्रश्नाला नव्हे, माझ्या बोलण्याला. मी खाली बसायच्या बेतात होते. बाईंनी हसणे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "झालं हसून? आता उत्तर ज्याला येतं त्यानं उभं राहावं."

कुणीही उठले नाही.

"नाही," त्या मला म्हणाल्या. "चारांतले तीन तारे सूर्यापेक्षा कितीतरी लहान, थंड आणि तांबूस आहेत. आणि त्यांतला एकही आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तुझं नाव काय?"

"रुक्मिणी गावडे."

"रुक्मिणी, उद्यापासून तू पुढच्या बाकावर बसायचंस. आणि असंच बोलायचं. इथं येऊन बोलणं बदलू नकोस, नाहीतर विचारायचंच बंद करशील."

बाईंची यंदा एकसष्टी आहे. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले तेव्हा हाच प्रसंग आधी आठवला. माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा विषय त्यांनी त्या एका उत्तरात मला सांगून टाकला होता, हे तेव्हा मला कळायचे कारण नव्हते.

बाई मूळच्या गडहिंग्लजच्या. घर लिंगायत व्यापाऱ्यांचे, घरात कानडी, बाजारात मराठी. त्यांची धाकटी भावंडे त्यांना 'अक्का' म्हणत. एकदा त्यांचा भाऊ महाविद्यालयात आला आणि व्हरांड्यातून मोठ्याने "अक्का!" अशी हाक मारली, तेव्हापासून आम्ही विद्यार्थीही त्यांना अक्काच म्हणू लागलो. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. त्यांचे यजमान शिवाप्पाकाका टपाल खात्यात पत्रांच्या वर्गीकरणाचे काम करीत. या लेखात काकांना जागा द्यावी लागेल, कारण अक्कांच्या संशोधनातला एक महत्त्वाचा टप्पा त्यांच्यामुळे पार पडला.

अक्कांचा विषय तसा थोडक्यात सांगता येतो. हे जे लहान, थंड तारे आहेत, त्यांच्याभोवती ज्यांवर पाणी वाहू शकेल असे ग्रह किती असावेत? आहेत का, एवढाच प्रश्न नव्हे, तर किती? हा विषय त्यांनी घेतला तेव्हा सूर्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही सामान्य ताऱ्याभोवती ग्रह असल्याची खात्री कुणालाच नव्हती. तशी पहिली भरवशाची बातमी मी तिसऱ्या वर्षाला असताना आली. त्या दिवशी अक्कांनी तासाला पाठ्यपुस्तक उघडलेच नाही.

त्यांच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना मात्र विषय पसंत नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की लहान ताऱ्याची ऊब मिळायची तर ग्रहाला त्याच्या फार जवळ राहावे लागेल. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते. एका बाजूला सदा दिवस, दुसरीकडे सदा रात्र, आणि रात्रीच्या बाजूला हवा गोठून जमिनीवर पडेल. मग मोजायचे तरी काय? अक्का वाद घालत नसत. त्या म्हणत, "हवा गोठेल असं आपण मानतोय सर, मोजलेलं नाही." पुढे काही वर्षांतच परदेशातल्या अभ्यासकांनी गणिते करून दाखवले, की हवा पुरेशी दाट असेल तर ती उष्णता पलीकडच्या बाजूला वाहून नेऊ शकते. अक्कांनी तो निबंध वाचला आणि त्याची एक प्रत मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवून आल्या.

हा विषय त्या कुणालाही समजावून सांगत. एम.एस्सी.ला असताना मी त्यांच्याबरोबर नेसरीला एका शाळेत व्याख्यानाला गेले होते. समोर मुले कमी आणि गावकरी जास्त. अक्का म्हणाल्या, "गुऱ्हाळाच्या चुलवाणापासून तुम्ही किती लांब उभं राहता? दहा हात. आणि घरातल्या शेगडीपाशी? अगदी जवळ. लहान ताऱ्याचं तसंच. ऊब मिळती, पण जवळ बसावं लागतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक दिवसाची बाजू आणि एक रात्रीची बाजू, हेही त्यांनी सांगितले. तेव्हा मागून एक म्हातारे शेतकरी उठले.

"बाई, तितं कायम दिवसच हाय म्हंतासा. मग मान्सं झोपत्यात कवा?"

हशा झाला. अक्का हसल्या नाहीत. "आजोबा, माणसं आहेत का, तेच अजून ठाऊक नाही. पण असली तर ती उजेडात झोपायला शिकली असतील. दुपारी तुम्ही झोपताच की."

"ते व्हय," म्हातारे म्हणाले. "पर येवढ्या लांबचं मोजून तुमास्नी काय मिळतंय?"

"शेजार किती आहे ते कळतं."

"शेजार आला की बांधाची भांडणं बी आली की वं!"

या वेळी अक्कांनाही हसू आवरले नाही. परतताना एस.टी.त त्या म्हणाल्या, "त्यांचा पहिला प्रश्न चांगला होता. लिहून ठेव." त्यांच्याकडे अशा प्रश्नांची एक वही आहे आणि त्यात कुणाचाही प्रश्न बालिश म्हणून वगळलेला नाही.

आता जे सांगायचे आहे ते माझ्यासाठी सोपे नाही. अक्का स्वतः ते कधीच सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगते.

एम.एस्सी. होताच मी अक्कांच्या हाताखाली काम करू लागले. आमच्याकडे दुर्बीण नव्हती. लोक विचारत, "रात्र-रात्र जागता काय?" अक्का म्हणत, "आमचे तारे दिवसाच दिसतात, यादीत." सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांच्या वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वर्षांत तयार झालेल्या याद्या त्यांनी पत्रव्यवहार करून मिळवल्या होत्या. त्या एकत्र करायच्या, लहान तारे वेगळे काढायचे, प्रत्येकाभोवती उबेचा पट्टा, म्हणजे पाणी वाहते राहील इतक्या अंतराचा भाग, कुठे पडतो ते काढायचे, आणि त्यात ग्रह असण्याची शक्यता किती त्याचा हिशेब मांडायचा, असे ते काम होते. याद्या एकत्र करण्याचा संगणकाचा प्रोग्रॅम मी लिहिला.

उत्तर आले ते आमच्या अपेक्षेपेक्षा मोठे होते. आपल्या शेजारी असे संभाव्य ग्रह भरपूर असावेत, असे ते सांगत होते. अक्कांनी निबंध लिहिला, माझे नाव त्यांच्या नावाशेजारी घातले. एका परदेशी नियतकालिकाने तो स्वीकारला. कोल्हापुरातल्या एका वर्तमानपत्रात बातमी आली. महाविद्यालयाने अक्कांचा सत्कार ठरवला, निमंत्रणपत्रिका छापल्या. अक्कांची पीएच.डी. याच कामावर होती आणि प्रबंध टंकलिखित होत आला होता. मलाही एका मोठ्या संशोधन संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करायचा होता, आणि हा निबंध हेच माझे बळ होते.

सत्काराच्या दोन दिवस आधी, प्रबंधाच्या परिशिष्टासाठी मी ताऱ्यांची यादी ओळीने तपासत होते. एका ठिकाणी दोन तारे इतके सारखे दिसले, की मी थबकले. रंग तोच, तेज तेच, अंतर जवळजवळ तेच. नावे वेगळी आणि आकाशातली जागाही किंचित वेगळी. मी जुन्या यादीचे वर्ष पाहिले, नव्या यादीचे पाहिले. हे तारे आपल्या जवळचे आहेत, म्हणून ते आकाशात हळूहळू सरकलेले दिसतात. दोन याद्यांमध्ये बऱ्याच वर्षांचे अंतर होते. तेवढ्यात तारा सरकला होता आणि माझ्या प्रोग्रॅमने एकाच ताऱ्याचे दोन तारे मानले होते. पुढच्या पानावर आणखी एक जोडी. त्याच्या पुढच्या पानावर तीन.

मी तशीच शिक्षक-कक्षात गेले. अक्का उत्तरपत्रिका तपासत होत्या. मी सुरुवातीला काय बोलले ते मला आठवत नाही. त्यानंतरचे बोलणे शब्दन् शब्द आठवते.

"किती आहेत असे?"

"बरेच हायत, अक्का. मोजले न्हाईत अजून."

"कधी कळलं तुला?"

"आत्ता. अर्धा तास झाला आसंल."

त्यांनी लाल पेन बंद केले आणि उत्तरपत्रिका बाजूला सारल्या. त्यांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला वाटले, आता त्या मला बाहेर जायला सांगतील. त्या म्हणाल्या, "बस. आधी चहा घे. मग नियतकालिकाला पत्र लिहू. निबंध छापू नका म्हणून कळवायचं."

"आणि सत्कार?"

"तो परवा आहे. परवाचं परवा."

मला वाटले, सत्कार रद्द होईल. अक्कांनी प्राचार्यांना तसे सुचवलेही, पण पाहुणे ठरलेले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दोन दिवसांत कुणाला काय कळणार आहे? सत्कार घ्या, दुरुस्ती मागाहून करा."

अक्कांनी सत्कार घेतला नाही. शाल पुढे आली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि ध्वनिक्षेपकाशी जाऊन म्हणाल्या, "ज्या आकड्यासाठी तुम्ही मला इथं बोलावलं, तो आकडा चुकला आहे. काही तारे आमच्याकडून दोनदा मोजले गेले. खरा आकडा अजून मला माहीत नाही. तो कळला की मी स्वतः येऊन सांगेन. चूक माझी आहे, कारण निबंधावर पहिली सही माझी आहे."

सभागृहात कुजबुज झाली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. पाहिले असते तर लोकांच्या माना माझ्याकडे वळल्या असत्या, हे मला फार नंतर कळले. बाहेर पडताना एक सहकारी प्राध्यापक त्यांना म्हणाले, "एवढं जाहीर सांगायची काय गरज होती? कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं की," अक्का म्हणाल्या आणि चपला घालून रिक्षाकडे निघाल्या.

त्याची झळ त्यांना बसली. प्रबंध थांबला. पीएच.डी. नसल्याने विभागातली वरची जागा त्यांच्याहून कनिष्ठ व्यक्तीकडे गेली. त्यांच्या मार्गदर्शकांनी "मी सांगत होतो" असे चारचौघांत म्हणून दाखवले. हे सगळे माझ्या एका प्रोग्रॅममुळे झाले होते. मी रोज त्यांच्या घरी जाई आणि रोज रडे. आठवडाभर त्यांनी सहन केले, मग एके दिवशी मात्र चिडल्या. "रुक्मिणी, तुझ्या रडण्यानं यादीतला एक तारा तरी कमी होतोय का? नाही ना? मग कार्ड लिही."

संगणकावर आता त्यांचा विश्वास नव्हता असे नाही, पण एकदा हाताने मोजायचे असे त्यांनी ठरवले होते. प्रत्येक ताऱ्यासाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराची बाहेरची खोली कार्डांनी भरून गेली. एका रविवारी शिवाप्पाकाका चहा घेऊन आले आणि आमचा गोंधळ उभ्यानेच पाहत राहिले.

"तुम्ही नावावरून लावताय होय?" त्यांनी विचारले. "टपालात आम्ही तसं करत नाही. एकच माणूस, एक पत्र घरच्या नावानं येतंय, दुसरं तालमीच्या पत्त्यावर. त्यातनं त्यानं घर बदललेलं असतंय. आम्ही बघतो, आधी कुठं होता आणि कुठल्या बाजूला गेला."

अक्का म्हणाल्या, "अहो, तेच तर करायचंय. प्रत्येक तारा कुठल्या दिशेनं किती सरकतो ते बघून, जुन्या वर्षी तो कुठं असेल ते काढायचं."

"मग मला द्या की एक गठ्ठा."

टपाल खात्यातला तो माणूस त्या दिवसापासून दर रविवारी आमच्याबरोबर बसू लागला. जागा अक्का काढून देत, जोड्या काका लावत. त्यांची नजर इतकी तयार होती, की माझ्याकडून निसटलेल्या कितीतरी जोड्या त्यांनी पकडल्या. हे काम जवळजवळ दोन वर्षे चालले. आकडा बराच खाली आला. तरीही लहान तारे मुळात इतके जास्त आहेत, की सूर्यासारख्या ताऱ्यांपेक्षा त्यांच्याभोवतीच असे संभाव्य ग्रह अधिक असावेत, हा निष्कर्ष टिकला. नव्या निबंधात अक्कांनी आपल्याला काय माहीत नाही ते आधी लिहिले. या ताऱ्यांवर भडके उडतात, त्यांत ग्रहावरची हवा टिकेल का? माहीत नाही. ग्रह तिथे आपल्या सूर्यमालेसारखेच विखुरलेले असतील का? माहीत नाही. आणि मग आकडा. निबंधाच्या शेवटी आभार मानले होते ते एका टपाल-वर्गीकरण सहायकांचे. तसे आभार त्या नियतकालिकाने त्याआधी कधी छापले असतील, असे मला वाटत नाही. निबंध छापून आल्यावर अक्का महाविद्यालयाच्या त्याच सभागृहात गेल्या, समोर पंधरा-वीस जण होते, आणि शब्द दिल्याप्रमाणे खरा आकडा सांगून आल्या.

मधल्या काळात माझा संशोधन संस्थेतला अर्ज गेला होता. शिफारसपत्र अक्कांनी बंद लिफाफ्यात दिले. त्यात काय लिहिले होते ते मला मुलाखतीत कळले. समोरच्या वयस्कर शास्त्रज्ञांनी पत्र हातात धरले होते. ते म्हणाले, "तुमच्या मॅडमनी पहिल्याच ओळीत तुमची चूक लिहिली आहे."

मला वाटले, सगळे संपले.

"दुसरी ओळ वाचू का?" असे म्हणून त्यांनी वाचली. "ही चूक हिनेच शोधली, आणि सापडल्यावर अर्ध्या तासात मला येऊन सांगितली. निबंध, माझी बढती आणि हिचा प्रवेश, तिन्ही पणाला लागले आहेत हे हिला ठाऊक होते."

मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, तो ताऱ्यांच्या सरकण्याबद्दलचा होता. त्याचे उत्तर मला झोपेतही देता आले असते. माझी निवड झाली.

बाहेर आल्यावर मी सार्वजनिक फोनवरून अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "छान. आता तिथं गेल्यावर पहिल्यांदा त्यांच्या याद्या तपास." आणि मग आवाज जरा खाली आणून, "काकांना सांगते, ते दारातच उभे आहेत."

अक्कांना पीएच.डी. मिळाली तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पुढे या दशकात एका लहान, तांबूस ताऱ्याभोवती खरोखरच ग्रह सापडल्याच्या बातम्या आल्या आणि सगळीकडे दुसरी पृथ्वी सापडल्याचा गाजावाजा झाला. मी त्या वेळी सुट्टीत त्यांच्या घरी होते. एका वार्ताहराचा फोन आला. "मॅडम, तुमचंच खरं ठरलं म्हणायचं!"

"नाही हो," अक्का म्हणाल्या. "एक सापडला, ही मोठी गोष्ट आहे. पण मी विचारलं होतं, किती आहेत? एका घरावरून गावाची लोकसंख्या सांगता येत नाही." वार्ताहराला बातमी हवी होती, ती मिळाली नाही. त्याने छापलेही काही नाही. अक्कांनी फोन ठेवला आणि मला विचारले, "शेंगदाण्याची चटणी बांधून देऊ का? तिकडं मिळत नसंल."

त्यांनी माझ्यासाठी केलेल्या अशा गोष्टी मोजत बसले तर हा ग्रंथ पुरणार नाही. एम.एस्सी.नंतर माझे लग्न ठरवायला निघालेल्या माझ्या वडिलांना भेटायला त्या दोनदा एस.टी. बदलून आमच्या वाडीवर आल्या होत्या, हे मात्र सांगायला हवे. माझ्या शिक्षणाचा विषय त्यांनी काढलाच नाही. दिवसभर काजूच्या बागेत हिंडल्या, आईच्या हातचे जेवल्या आणि निघताना वडिलांना म्हणाल्या, "तुमची मुलगी जे काम करते ते कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला जमत नाही. मला ती दोन वर्षं हवी आहे. माझी अडचण आहे म्हणून मागते." वडिलांना उपदेश केला असता तर ते ऐकले नसते. अडचणीत सापडलेल्या बाईंचा शब्द त्यांना मोडवेना. "न्या की मग," एवढेच ते म्हणाले.

आज मी स्वतः शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांची चूक निघाली, की पहिल्यांदा मला राग येतो. मग मी त्यांना बसायला सांगते आणि चहा मागवते. ही सवय माझी नाही, अक्कांची आहे.

याच वर्षी एक दुर्बीण अवकाशात गेली आहे. आकाशाच्या एका तुकड्यातल्या लाखाहून अधिक ताऱ्यांवर ती वर्षानुवर्षे नजर ठेवणार आहे, आणि किती ताऱ्यांभोवती कसले ग्रह आहेत याची पहिली खरी मोजणी त्यातून व्हायची आहे. गेल्या महिन्यात मी अक्कांना भेटले तेव्हा त्या याबद्दलच बोलत होत्या. मी विचारले, "आपला आकडा चुकीचा निघाला तर, अक्का?"

"निघू दे की," त्या म्हणाल्या. "कमी निघाला तर का कमी, जास्त निघाला तर का जास्त, ते शोधायला पुन्हा काम मिळेल." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आहात ना?"

"मी कुठं जातोय?" काका म्हणाले.

अक्का, ही मोजणी पुरी व्हायला बरीच वर्षे लागतील, आणि तिचा अर्थ लावायला आणखी काही. तोवर तुमचे गुडघे, तुमचे डोळे आणि तुमचा तो करडा आवाज असेच ठणठणीत राहोत. काकांची साथ तुम्हाला अशीच लाभो. तो आकडा जगाला कळेल त्या सकाळी मला कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, तुमच्या बाहेरच्या खोलीत असायचे आहे. आपण तिघे मिळून तो तपासू.